मदत हवी आहे: चार डॉक्टर, एक दवाखाना, कोणतं ईएमआर (रुग्णांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं?

नमस्कार मंडळी. माजलगावात आम्ही चौघं एकाच इमारतीत प्रॅक्टिस करतो. मी फिजिशियन, बाकी तिघं स्त्रीरोग, बालरोग आणि अस्थिरोग. तळमजल्यावर मेडिकल आणि लॅब, वर 20 खाटा. सगळं कागदावर, आणि केसपेपर प्रत्येकाचा वेगळा. एखादी काकू शुगरसाठी माझ्याकडे, अंगावरून जातंय म्हणून मॅडमकडे आणि गुडघ्यासाठी ऑर्थोकडे येते. तिच्या तीन फायली, तीन नंबर. ऑर्थोनं दिलेली दुखण्याची गोळी ती महिनाभर घेतेय हे मला कधी कळतं, तर क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेला रिपोर्ट हातात आल्यावर. म्हणून चौघांसाठी एकच ईएमआर घ्यायचं ठरलंय.

डेमो बरेच पाहिले. डेमोत सगळंच छान दिसतं. तिथं एक काल्पनिक रुग्ण असतो, त्याला एकच आजार असतो आणि तो घाईत नसतो. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी पायऱ्यांपर्यंत लोक असतात, एका माणसाला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळतात. त्यात ‘तक्रार निवडा, कालावधी निवडा, तीव्रता निवडा’ असं एकामागून एक पडदे उघडत बसलो तर संध्याकाळी लोक मलाच उचलून नेतील. माझ्या निम्म्या रुग्णांना मागचीच गोळी चालू ठेवून एखादी बदलायची असते. ते दोन क्लिकमध्ये झालं पाहिजे, एवढी साधी अपेक्षा.

दुसरी अडचण रुग्ण शोधण्याची. बहुतेक सॉफ्टवेअर मोबाइल नंबरवर चालतात. इथं घरात चालू फोन एक, तोही पोराच्या खिशात. एका नंबरावर सासू, सून, नातू आणि कधीकधी शेजारचे आबासुद्धा. नावावरून शोधावं तर शेख, सय्यद, गायकवाड यांचं इंग्रजी स्पेलिंग दर वेळी नवं. बाळंतपणाला आलेली लेक एकदा माहेरच्या नावानं नोंदवली जाते, एकदा सासरच्या.

तिसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढे महिने बीपी-शुगरचे रुग्ण तिकडच्या कुणा डॉक्टरकडे जातात. त्यानं काय दिलं, का बदललं, काही पत्ता नसतो. रिकामी स्ट्रिप आणली तरी नशीब. त्यामुळे ‘आभा’ला, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाला, जोडलेलं सॉफ्टवेअर हवं, ही माझी अट आहे. विचारलं की सगळेच विक्रेते ‘हो, आम्ही एबीडीएम कंप्लायंट आहोत’ म्हणतात. एबीडीएम म्हणजे सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन, पण कंप्लायंटचा नेमका अर्थ काय?

शेवटचा प्रश्न आमच्या आपसातला. फाइल एक झाली म्हणजे चौघांनी सगळं बघायचं का? मॅडमकडच्या गर्भपाताच्या नोंदी रिसेप्शनच्या पडद्यावर दिसायला नकोत. रिसेप्शनवरची मुलगी गावातलीच, निम्मे रुग्ण तिच्या नात्यागोत्यातले. आणि उद्या आमच्यातला एखादा वेगळा झाला तर रुग्णांच्या नोंदी कुणाच्या?

क्लाउड घ्यावं की दवाखान्यात सर्व्हर ठेवावा, तेही सांगा. इन्व्हर्टर आहे, जनरेटर आहे, पण लाइट गेली की नेटवाल्याचा खांबावरचा डबाही झोपतो. मग रिसेप्शनवरून हाक येते, “सर, नेट गेलंय, थांबा म्हनू का लोकायला?”

लातूर_बालरोग:

सर, फीचरची यादी बाजूला ठेवा. पहिला प्रश्न हा विचारा: ‘आम्ही सोडून जायचं ठरवलं तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात देणार?’ ‘पीडीएफ देऊ’ म्हणाले तर तिथंच उठा. हजारो पीडीएफ म्हणजे पुन्हा कागदच, फक्त धूळ बसत नाही. औषधं, निदान, तपासण्या, तारखा हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत, एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये मिळालं पाहिजे. नमुना आधी मागा आणि करारात लिहून घ्या. आमच्याकडे आधी जे सॉफ्टवेअर होतं (नाव घेत नाही), त्यांनी नूतनीकरणाला दर वाढवला आणि डेटा काढून द्यायचे वेगळे पैसे सांगितले. बालरोगवाल्यांच्या वतीनं एक भर: पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचे आणि पुढे 5 ते 18 वयासाठी आयएपीचे (भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना) 2015चे वाढीचे तक्ते आतच असावेत. वजन टाकलं की बिंदू आपोआप उमटला पाहिजे. लसीच्या आठवणीचा एसएमएस जाणार असेल तर त्याचा मजकूर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेवर) नोंदवावा लागतो. ते कोण करणार, हेही विचारून घ्या.

संगणकवाला_संभाजीनगर:

डॉक्टरसाहेब, कंप्लायंट या शब्दावर जाऊ नका. एबीडीएमचे तीन टप्पे आहेत. एम-वन म्हणजे रुग्णाचा 14 अंकी आभा क्रमांक काढणं आणि पडताळणं. एम-टू म्हणजे तुमच्याकडची नोंद त्या आभाला जोडणं, म्हणजे रुग्णाच्या संमतीनं ती दुसरीकडे दिसू शकते. एम-थ्री म्हणजे दुसरीकडच्या नोंदी संमती घेऊन तुम्ही बघणं. पुष्कळ जण एम-वनवर थांबतात आणि तेच मिरवतात. तुमच्या ऊसतोडीवाल्यांसाठी एम-टू आणि एम-थ्री दोन्ही लागतील. कुठलं सॉफ्टवेअर कुठवर पोचलंय ते एबीडीएमच्या संकेतस्थळावर दिसतं, विक्रेत्याच्या तोंडून ऐकायची गरज नाही. दवाखान्याची नोंद एचएफआरमध्ये (एबीडीएमची दवाखान्यांची यादी) आणि तुम्हा चौघांची एचपीआरमध्ये (डॉक्टरांची यादी) आधी करून ठेवा.

पण खरं सांगायचं तर तिकडच्या कारखान्याजवळचा डॉक्टर कागदावरच लिहीत असेल तर एम-थ्रीमध्ये दिसायला काही नसणार. म्हणून टोळी निघायच्या आधी चालू औषधांचा एक पानी छापील सारांश हातात द्या. तो एका बटणावर निघतो का, हे डेमोत बघा.

एका नंबरावर अख्खं घर ही तक्रार सगळ्यांचीच आहे. कुटुंबाचा नंबर एक आणि आत प्रत्येकाचा वेगळा यूएचआयडी (दवाखान्याचा रुग्ण क्रमांक) अशी रचना असलेलंच घ्या. नाव मराठीत टाइप करून शोधता आलं पाहिजे, गाव आणि वयावरून गाळता आलं पाहिजे. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर त्या जोडायची सोय आहे का, हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

नेटबद्दल: ‘ऑफलाइन चालतं’ म्हणाले की तिथल्या तिथं केबल उपसा, एक प्रिस्क्रिप्शन लिहा, छापा, केबल परत लावा आणि नोंद वर गेली का बघा. माझं मत, चौघांच्या दवाखान्यात सर्व्हर सांभाळायला माणूस नसतो, त्यामुळे ऑफलाइन सोय असलेलं क्लाउडच बरं. हौस आणि माणूस दोन्ही असतील तर बाहमनी हे रुग्णालयाचं सॉफ्टवेअर बघा. ओपनएमआरएस या मुक्त नोंद-प्रणालीवर उभं आहे, मुक्तस्रोत आहे, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात वापरलं गेलंय. परवान्याचे पैसे नाहीत, पण बसवणाऱ्याचे आणि सांभाळणाऱ्याचे द्यावेच लागतात.

स्त्रीरोग_परभणी:

गोपनीयतेबद्दल मी बोलते. एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनुसार गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही सांगता येत नाहीत. तेव्हा हा सौजन्याचा प्रश्नच नाही. रिसेप्शनला फक्त नाव, नंबर, बिल दिसावं. सहकाऱ्यांना औषधं, अॅलर्जी, निदान आणि लॅब दिसावी. तुमच्या काकूंची ती दुखण्याची गोळी पकडायला एवढं पुरतं. संवेदनशील भेट ‘फक्त मला’ अशी कुलूपबंद करता यावी. कुणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद राहावी आणि ती पुसता येऊ नये. एकच पासवर्ड चौघांत फिरवायची सवय असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही. सोनोग्राफीचा फॉर्म एफ (गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची कायद्यानं भरावी लागणारी नोंद) आणि त्याचं दोन वर्षांचं जतन वेगळं ठेवा, ईएमआरच्या भरवशावर सोडू नका.

वेगळं होण्याचं म्हणाल तर त्याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही, भागीदारीच्या करारात आहे. जाणारा आपल्या रुग्णांची प्रत नेईल, मूळ नोंद दवाखान्यात राहील, असं आम्ही लिहून घेतलंय. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात. तो मागायला येईल तेव्हा ‘ते डॉक्टर आता नाहीत’ म्हणून चालत नाही.

माजलगाव_फिजिशियन (धागाकर्ता):

सगळ्यांचे आभार. मॅडम, कुलूपबंद भेटीचं आमच्या मॅडमना दाखवलं, त्या लगेच तयार झाल्या. आता उरलेल्या दोन विक्रेत्यांना दवाखान्यातच बोलावतो, तेही बाजाराच्या दिवशी. एक राहिलंच. एक जण पाच वर्षांचे पैसे एकदम भरले तर मोठी सूट देतोय. घ्यावी का? आणि प्रिस्क्रिप्शन मराठीत छापलेलं कुणी वापरतं का?

लातूर_बालरोग:

पाच वर्षांचे अजिबात नको. एक वर्ष घ्या, त्यातही पहिले दोन-तीन महिने एकाच डॉक्टरची ओपीडी त्यावर चालवा. मराठी आम्ही वापरतो. ‘1-0-1’ आजीला कळत नाही, ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ कळतं. पण तुमच्या स्वतःच्या प्रिंटरवर छापून बघा. आमच्याकडे पडद्यावर ‘रात्री’ दिसायचं आणि कागदावर जोडाक्षर फुटून ‘रात् री’ यायचं. विक्रेत्यानं फॉन्ट बदलून दिल्यावर ते थांबलं. सिरपचं माप मिलीमध्ये आणि अक्षरी, दोन्ही छापून घ्या. ‘अर्धा चमचा’ असं कुठंही येऊ देऊ नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो.