चालवायला सगळ्यात जास्त मजा देणारी गाडी कोणती? सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरचा अनुभव धागा

धागाकर्ता, सातारा

गाड्यांच्या गप्पा निघाल्या की सगळा जोर बीएचपी (इंजिनाची ताकद) आणि टॉप स्पीडवर जातो. आपल्याकडचे रस्ते वेगळंच काही मागतात. पसरणी घाटात वळणागणिक गिअर बदलावा लागतो. यवतेश्वरवरून कासला जाताना समोरून गाडी आली की एक चाक खाली उतरवावं लागतं. अशा रस्त्यावर दोनशे बीएचपीची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून राहते आणि छोटी गाडी जीव तोडून, पण आनंदाने पळते. म्हणून प्रश्न असा: इथल्या रस्त्यांवर कोणती गाडी चालवताना सगळ्यात जास्त मजा येते, आणि का?

एकच विनंती. प्रवासवर्णन नको. मॉडेल आणि इंजिन लिहा, मजा नेमकी कशात आहे ते लिहा, ती टिकवायला काय करावं लागतं आणि गाडी कुठे दगा देते तेही लिहा.

सुरुवात करतो. माझं मत मारुती ८०० ला, कार्बोरेटरवाल्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ बीएचपी, चार गिअर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. सगळी मजा त्या वजनात आहे. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे पुढच्या चाकाखाली खडी आली की ओलं डांबर, हे हाताला लगेच कळतं. टर्निंग रेडियस ४.४ मीटर, त्यामुळे हेअरपिन वळण एकाच दमात निघतं. दुसरा गिअर पूर्ण खेचून तिसरा टाकला तरी वेग पन्नाशीच्या घरातच असतो, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद घाटाच्या वेगातच वापरायला मिळते. मोठ्या गाडीत हे सुख नाही.

दगा कुठे देते? कूलिंगमध्ये. चढावर रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल तर तापमानाचा काटा वर जातो, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. घाटात नेण्याआधी गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्या आणि पंखा आपोआप लागतो का ते बघा. लागला नाही तर आधी थर्मोस्विच, म्हणजे गरम झाल्यावर पंखा लावणारा स्विच, तपासा. नळाचं पाणी घालू नका, कूलंटच घाला. साध्या पाण्याने आतून गंज आणि क्षार धरतात आणि वर्षा-दोन वर्षांत रेडिएटर पुन्हा तिथेच येतो.

कराडकर

८०० बद्दल वाद नाही, पण त्याच घराण्यातली जास्त गोडीची गाडी म्हणजे जुनी झेन. १९९३ ची रचना, ९९३ सीसीचं पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन, ५० बीएचपी. हे इंजिन वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जेवढं मोकळं होतं तेवढं त्या काळातलं दुसरं छोटं इंजिन होत नाही. चार हजारांच्या खाली ते झोपलेलं वाटतं. म्हणून झेन चालवायची तर गिअर लवकर वर टाकायची सवय मोडायला हवी. कुंभार्लीच्या चढाला तिसऱ्यात रेटू नका, दुसऱ्यात वर खेचा. इंजिनाला त्याने काही होत नाही. खालच्या आरपीएमला गुदमरवत चढवण्यानेच उलट बेअरिंगवर ताण येतो.

आता जुनी झेन घेताना तीन गोष्टी बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बेल्ट बदलायचाच असं धरून किंमत बोला. बेल्ट ऐंशी हजार ते एक लाख किलोमीटर चालतो, पण पडून राहिलेल्या गाडीत रबर वयाने कडक होतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी बदललेला बरा. बेल्ट काढलाय तर टेन्शनर आणि वॉटर पंपही त्याच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच लागते. दुसरं, पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला. दाराच्या रबरातून पाणी आत येऊन फ्लोअर गंजलेला सापडतो, आणि तो वरून दिसत नाही. तिसरं, स्टिअरिंग रॅक. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग थोडंसं डावं-उजवं हलवा. खडखड आली तर रॅकचा बुश किंवा टाय रॉड एंड गेलेला असतो.

मारुती एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) इंजिन, ८५ बीएचपी, हाही याच जातीचा. हलकी बॉडी आणि भरपूर ताकद. फक्त मागची बाजू हलकी आहे, ओल्या रस्त्यावर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडू नका.

वाईकर

सगळे चढाचंच बोलतायत. मजा उतारात जास्त आहे आणि धोकाही तिथेच. पाचगणीहून वाईत उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलेल्या गाड्यांचा जळका वास खाली नाक्यापर्यंत येतो.

नियम जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खालचा गिअर टाकताना झटका बसतो, त्यावर उपाय असा. वळणाआधी रस्ता सरळ असतानाच ब्रेक लावा. क्लच दाबा. पाय ब्रेकवर असतानाच त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलकी टोचणी द्या, म्हणजे आरपीएम वर येतो. गिअर टाका, क्लच सोडा. झटका नाही, क्लच प्लेटची झीज नाही, आणि वळणात शिरताना गाडी स्थिर. हे आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर घटवा, थेट घाटात नको. पेडलमधलं अंतर जवळ असलेल्या गाडीतच जमतं. काही गाड्यांत ब्रेकचं पेडल इतकं उंच असतं की पाय पोचत नाही. त्यात मग ब्रेक सोडून टोचणी द्या आणि सगळं काम वळणाच्या बरंच आधी उरका.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, ओल धरलेलं १५५ च्या आसपासच. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. आपल्याकडे चार महिने पाऊस, महाबळेश्वर-पाचगणीला तर धुकंच धुकं, त्यामुळे दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. वरून टॉपअप केलं म्हणजे बदललं असं होत नाही, चारही चाकांना ब्लीड करून, म्हणजे चाकाजवळचा स्क्रू सैल करून, जुनं बाहेर काढावं लागतं.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हेही लोक विसरत चाललेत.

विश्रामबाग, सांगली

जुन्या गाड्यांना मान आहेच, पण फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय कुणी लिहिली नाही? २०१३ चं १.२ टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम टॉर्क आणि तोही १५०० आरपीएमपासून, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

टर्बोचा आपल्या घाटात एक खास फायदा आहे. साध्या इंजिनाची ताकद उंचीनुसार घटते, ढोबळ हिशेब दर शंभर मीटरला एक टक्का. महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे मारुती ८०० किंवा होंडा सिटीची दहा टक्क्यांहून जास्त ताकद हवेतच गेलेली असते. कार्बोरेटरच्या गाडीचं मिश्रणही वर दाट होतं, प्लग काळे पडतात. टर्बो ती हवा दाबून भरतो, त्यामुळे वाईत जशी ओढ तशीच वेण्णा लेकला.

धागाकर्ता, सातारा

@विश्रामबाग, उंचीचा मुद्दा चोख. डीएसजीचं दुखणंही लिहा ना.

विश्रामबाग, सांगली

लिहितो. तो सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, थंड ठेवायला क्लचभोवती तेल नाही. त्यामुळे रांगत चालणं त्याला सोसत नाही. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी चढावर रांग लागते, तिथे ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच तापतो. ब्रेक दाबूनच थांबा. पुढे दोन गाड्यांएवढी जागा मोकळी झाली की मग सलग पुढे जा, इंच-इंच सरकू नका. घाट चढताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा, नाहीतर बॉक्स सतत वरचा गिअर शोधतो. थरथर, गिअर पडताना खाडकन आवाज किंवा मीटरवर पाना लुकलुकला तर दुर्लक्ष नको. क्लच किंवा मेकॅट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं) काम खर्चिक असतं. जुनी घेताय तर दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका, थंड गाडीत दोष कळत नाही. याची धास्ती वाटत असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय घ्या, ११० पीएस. तिचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा.

मिरज

प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, स्टिअरिंगला लागून गिअरची दांडी, मागच्या चाकांना ओढ. वेगाची मजा यात नाही. मिरज-पंढरपूर रस्त्याला साठच्या वेगात एक हात दांडीवर ठेवून चालवायची ही गाडी आहे, आणि तो डौल दुसऱ्या कशात नाही. ज्याला ही नीट चालवता येते त्याला क्लच आणि गिअरचा ताळमेळ खऱ्या अर्थाने कळलेला असतो.

देखभाल मात्र हातची हवी. दांडीखालच्या लिंकेजचे बुश झिजले की पहिला आणि रिव्हर्स एकमेकांत अडकतात; बॉक्सला दोष देऊन तो खोलण्याआधी बुश बदला, नव्वद टक्के काम तिथेच होतं. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस नियमित हवं, आणि ग्रीस गन मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचं अंतर फीलर गेजने बघा, साधारण ०.४ मिलिमीटर. उन्हाळ्यात गाडी बंद पडून लगेच चालू होत नसेल तर इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापून लाइनमध्ये वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. स्टार्टर मारत राहिलात तर बॅटरी जाईल, बाकी काही होणार नाही. चारही चाकांना ड्रमच आहेत, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट.

शिराळकर

चांदोलीकडच्या लाल मातीत मारुती जिप्सीशिवाय काही नाही. १.३ लिटरचा १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी, चारही चाकांना पाटे. पाट्यामुळे डांबरावर अंग खिळखिळं होतं, पण चिखलात हलकेपणामुळे ती तरंगते. जड एसयूव्ही रुततात. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, फक्त डांबरावर येताच परत भरा.

नवे लोक एक चूक हमखास करतात. फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकून कोरड्या डांबरावर चालवतात. हिला पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सोसणारा मधला डिफरन्शियल नाही. वळणात पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक शाफ्ट-गिअरमध्ये पीळ होऊन साठतो. मग लिव्हर निघत नाही. तसं झालंच तर सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. चिखलाच्या उतारावर फोर-एल (चारही चाकांना सगळ्यात खालचा गिअर रेंज), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला.

साठ-सत्तरला स्टिअरिंग जोरात थरथरलं तर फक्त बॅलन्सिंग करून येऊ नका. किंगपिनचे बेअरिंग आणि त्याखालच्या शिम्स (पातळ चकत्या) तपासा. पुढच्या चाकामागच्या नकलच्या (वळणाऱ्या जोडाच्या) सीलमधून ग्रीस-ऑइल बाहेर दिसत असेल तर तिथेच दुखणं आहे.

जिम्नी, २०२३ ची, याच विचाराची पण कॉइल स्प्रिंगवाली. १०५ पीएस. रोजच्या वापराला जिप्सीपेक्षा कितीतरी सुसह्य, आणि फोर-एच बद्दलचा नियम तिलाही तसाच लागू.

फलटण

फियाट पालिओ १.६. शंभर बीएचपी. सरळ रस्त्याला रुळावर असल्यासारखी बसते, वजनदार स्टिअरिंगचा भरवसा वाटतो. पार्ट मिळणं जिकिरीचं झालंय आणि पेट्रोल पिते. तरीही.

तासगाव

स्विफ्ट डिझेलचा पहिला अवतार. १२४८ सीसी, ७५ पीएस, १९० एनएम. दोन हजारांच्या खाली टर्बो जागा होत नाही, त्यामुळे घाटात बरेच जण तिला सुस्त म्हणतात. ते गिअर उशिरा खाली टाकतात म्हणून. आरपीएमचा काटा २,००० ते ३,५०० मध्ये ठेवा आणि मग बघा. चढ संपल्यावर लगेच चावी बंद करू नका, एक मिनिट आयडलवर ठेवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळत नाही. ऑइल तीन लिटरच लागतं, म्हणून ते वेळेवर बदला. काळं घट्ट ऑइल टायमिंग चेनच्या टेन्शनरला मारतं. सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू आली तर चेन सैल होत आलीय.

मजेबरोबर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गळीत हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याच जणींना मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपतं, थांबायला आणखी तीस-पस्तीस मीटर, आणि डिपरचा उजेड साधारण तेवढ्यातच संपतो. त्यामुळे डिपरवर साठच्या पुढे नाही. कारखान्याच्या वळणाजवळ रस्त्यावर पडलेलं पाचट आणि चिखल पहिल्या पावसासारखा घसरतो.

सांगली, गावभाग

सगळे जुन्या गाड्या घ्या म्हणताय म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथल्या असंख्य गाड्या पाण्यात होत्या, आणि धुऊन पुसून त्यातल्या काही बाजारात येतात. ओळखायचं असं: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, वरच्या पट्ट्यावर मातीची रेघ असेल. स्टेपनी काढून खालचा खळगा बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, फ्यूज बॉक्समधल्या पिना हिरव्या पडल्यात का, हेडलाइटच्या आत गाळाची कड आहे का ते बघा. काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं बसा. कुबट वास दडत नाही. विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा.

स्वतःची गाडी बुडाली तर चावी फिरवायचीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, गाडी ओढून न्या, प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, आणि ऑइल-फिल्टर बदलल्यावरच चालू करा.

कोरेगाव

होंडा सिटी, २००० ची १.५ व्हीटेक, १०६ बीएचपी. वरच्या आरपीएमला आवाज बदलतो तो ऐकण्यासाठीच लोक जपतात. खालून लागते, स्पीडब्रेकर तिरका घ्या. दर चाळीस हजार किलोमीटरला टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हमधलं अंतर जुळवणं), तेही इंजिन पूर्ण थंड असताना.

@धागाकर्ता, एक प्रश्न. ८०० आयडलला फार थरथरते, ट्यूनिंग दोनदा झालं. काय बघू?

धागाकर्ता, सातारा

दादा, तीन सिलिंडर असल्यामुळे थोडी थरथर राहणारच. जास्त असेल तर आधी इंजिन माउंटिंग बघा. बोनेट उघडा, हँडब्रेक लावा, एकाने ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकासा सोडायचा. इंजिन एका बाजूला उचललं जात असेल तर त्या बाजूचं रबर फाटलंय. मग एकेका प्लगची वायर काढून बघा. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. वायर काढताना इन्सुलेटेड पक्कड वापरा. दोन्ही ठीक निघालं तर कार्बोरेटरखालचं गॅस्केट हवा ओढतंय का ते तपासा, बऱ्याचदा तिथेच सापडतं.