मदत हवी आहे: सोलरच्या टाकीचं मॉडेल

मंडळी, पुण्यातल्या एका हॉस्टेलच्या गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचं मॉडेल पायथनमध्ये लिहितोय. फ्लॅट प्लेट कलेक्टर (उन्हात पाणी तापवणारी सपाट पेटी), पंपाने फिरणारं पाणी, २००० लिटरची उभी टाकी. कलेक्टरचं गणित जमलंय, घोडं अडलंय टाकीपाशी.

टाकीभर एकच तापमान धरलं तर कलेक्टरकडे परत जाणारं पाणी उगाच गरम दिसतं आणि त्याची कार्यक्षमता पडते. म्हणून एकावर एक १० थर केले, प्रत्येकी २०० लिटरचे. पण सकाळी अख्खं हॉस्टेल एकदमच आंघोळीला उठतं (थंडीत तर विचारूच नका), मिनिटाला ३० लिटर जातात. हवामानाचा डेटा तासातासाचा, म्हणून मॉडेलची स्टेपही (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) एक तासाची. तासात १८०० लिटर, म्हणजे एका स्टेपमध्ये नऊ थर पार! आकडे सैरभैर होतात. स्टेप साडेसहा मिनिटांपेक्षा लहान ठेवू, की इम्प्लिसिट पद्धत (स्टेपच्या शेवटची सगळ्या थरांची तापमानं एकत्र समीकरणं सोडवून काढायची) वापरू? इम्प्लिसिटने गरम-गारमधली सीमा फारच पुसट होते असं दिसतंय.

दुसरं, ढग आले की कलेक्टरमधून ४५ अंशांचं पाणी येतं आणि वरचा थर असतो ५५ ला. ते तिथेच मिसळू द्यायचं, की खाली आपल्या तापमानाच्या थरात सोडायचं? आत डिफ्यूझर (पाणी हळुवार पसरवून सोडणारा भाग) वगैरे काही नाही, साधा पाइप आहे.

प्रत्यक्ष टाकीच्या रीडिंगशी कोणी ताडून पाहिलंय का?