बेरा टेस्टसाठी (आवाजाला कानाची नस नि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी ऐकण्याची तपासणी) लेकीला झोपवायचं कसं? मदत हवी आहे

लेक पावणेदोन वर्षांची आहे, बोलणं अजून फारसं नाही, मागून हाक मारली तर कधी वळते कधी ढिम्म, पण मोबाईलची रिंग वाजली की पळत येते म्हणून घरचे म्हणतात ऐकू येतंय, उगाच डोक्याला ताप नको. ओएई (ऐकण्याची प्राथमिक चाचणी) केली तर एका कानात रेफर आलं, म्हणजे पास नाही, पुढे तपासा. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी असं येतं म्हणे, म्हणून आधी टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का, मागे पाणी आहे का ते बघणारी तपासणी) आणि मग बेरा करायची आहे.

आता खरी पंचाईत. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, कपाळाला नि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात इअरफोन घालतात, आणि आमची बाई साधी टोपी घातली तरी फेकून देते! सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका असं सांगितलंय, पण गाडीत बसली की पाचव्या मिनिटाला डोळे मिटतात तिचे. नाहीच झोपली तर झोपेचं औषध देणार.

कोणाच्या मुलांची औषध न देता झालीये का? दिलं असेल तर सुस्ती किती वेळ राहिली, आधी उपाशी ठेवायला लागलं का? नाक अजून वाहतंय, थांबावं की तारीख घेऊन टाकावी?

आणि प्लीज, "बोलेल हळूहळू" नका सांगू, ते रोज ऐकतोय.