शिकायची तयारी नाही, की शिकायची सोय नाही?

तिसरं_वर्ष: काल इथे एका सरांनी लिहिलं, "विद्यार्थ्यांना मोबाइल चोवीस तास हवा, पण डिजिटल कौशल्यं शिकायची तयारी शून्य." एका वाक्यात अख्खी पिढी निकालात काढली, म्हणून सविस्तर लिहितेय. आम्हाला डेटाबेसचा पेपर आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञा, कागदावर लिहायच्या. लॅबमध्ये तिघांत एक मशीन. असाइनमेंट हाताने लिहा, फोटो काढा, पीडीएफ करा, पोर्टलवर चढवा. यातून कोणतं कौशल्य वाढतं?

खडू_फळा: लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. फाइल कुठे सेव्ह केलीस विचारलं तर उत्तर येतं, "वर्डमध्ये." ईमेलला विषय नाही, मजकूर नाही, नुसती अटॅचमेंट. समजवायला गेलं की पहिला प्रश्न, "परीक्षेला आहे का?"

आकडेमोड: तो प्रश्न विचारायला मुलांना कोणी शिकवलं, सर? अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्कींनी २००१ मध्ये 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेली पिढी, हे मांडलं, तेव्हापासून सगळे धरून चाललेत की या मुलांना उपजतच सगळं येतं. २०१८ च्या आयसीआयएलएस या संगणक आणि माहिती साक्षरतेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आठवीची सरासरी २ टक्केच मुलं सर्वांत वरच्या पातळीला पोचली. तीच पिढी पुढे विद्यापीठात आली. न येणं वेगळं, शिकायचं नसणं वेगळं.

निळी_शाई: हाताने लिहिण्याला का नावं ठेवता? टाइप करायला दिलं की चॅटजीपीटीचं उत्तर जसंच्या तसं येतं. मी तपासते, मला माहीत आहे.

तिसरं_वर्ष: ते उत्तर हाताने उतरवूनही काढता येतं, मॅडम. आमच्या वर्गात सर्रास चालतं.

निळी_शाई: निदान एकदा डोळ्यांखालून तरी जातं! माझे जुने विद्यार्थी आजही सांगतात, लिहिलेलंच लक्षात राहिलं.

तिसरं_वर्ष: माझ्या लक्षात फक्त दुखणारा हात राहिलाय. क्वेरी चुकली हे कागद सांगत नाही, मशीन लगेच सांगतं.

निळी_शाई: कोडपुरतं मान्य. निबंधापुरतं अजिबात नाही.

आकडेमोड: हस्ताक्षराचा वेगळा धागा काढा. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलायचं, म्हणून २०२० मध्ये ती नावंच बदलावी लागली. तिथे तर मुरलेले संशोधक होते. आपण भरलेल्या माहितीचं सॉफ्टवेअर काय करतं हे ओळखणं खरं कौशल्य, आणि ते कुठल्या पेपरात आहे सांगा.

खडू_फळा: कुठल्याच नाही, हे खरं. तिघांत एक मशीन असेल तर तुमच्या वर्गापुरतं माझं वाक्य चुकीचं. बाकी ठाम आहे. गेल्या सत्रात मी तासानंतर स्प्रेडशीट शिकवायला थांबायचो. गुण नव्हते, म्हणून बोटांवर मोजण्याइतकी मुलं आली.

तिसरं_वर्ष: मग गुण ठेवा. इतर विषयांना ठेवताच ना?

खडू_फळा: ठेवतो, अंतर्गत गुणांतले पाच. तरी वर्ग रिकामा राहिला तर इथेच येऊन लिहीन.

तिसरं_वर्ष: जरूर लिहा. त्या दिवशी लॅब उघडी होती का, तेही लिहा.