हॅटफील्ड फॉरेस्ट आणि सॅफ्रन वॉल्डन : गाडी नसताना पाच जणांचा एका दिवसाचा बेत कसा आखावा?

इलफर्डकर
नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस, मुलीच्या शाळेला सत्राच्या मधली सुट्टी असेल तेव्हा, माझे आईवडील आमच्याकडे लंडनला असतील. बाबा महाराष्ट्राच्या वनविभागातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले असून त्यांची बहुतेक नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत झाली आहे. त्यांना इथली राजवाडे-पूल अशी ठिकाणे पाहण्याची फारशी हौस नाही. ज्या जंगलातून माणसांनी शतकानुशतके लाकूड नेले, गुरे चारली आणि तरीही जे टिकून राहिले, असे एखादे जंगल पाहायचे आहे, असे त्यांनी फोनवर स्वतःहून सांगितले. वाचनातून मला एसेक्समधील हॅटफील्ड फॉरेस्टचे नाव मिळाले. आईला मात्र जुनी गावे आणि आठवडी बाजार आवडतात, त्यामुळे त्याच बाजूचे सॅफ्रन वॉल्डनही पाहावे असे वाटते.

आम्ही तीन पिढ्यांतले पाच जण आहोत. आमच्यापैकी कोणीही इथे गाडी चालवत नाही. प्रवास, प्रवेश आणि खाणे धरून १२० पौंडांच्या वर जायचे नाही. आईचे गुडघे दुखतात, पण सपाट वाटेवर ती सावकाश किलोमीटरभर चालू शकते. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतील का, आणि कोणता वार धरावा?

मधुर_दगड
आईवडील वारंवार येत नाहीत, तेव्हा १२० पौंडांचा विचार बाजूला ठेवावा आणि सरळ सात आसनी गाडी चालकासह घेऊन कॉट्सवोल्ड्सला दोन रात्री मुक्काम करावा, असे मी मनापासून सुचवतो. आम्ही माझ्या सासूसासऱ्यांना तिकडे नेले होते आणि त्या पिवळसर दगडांच्या घरांचे वर्णन ते आजही नातेवाइकांना सांगतात. एसेक्समध्ये एवढे पाहण्यासारखे काय आहे, हे मला खरोखर कळलेले नाही.

स्टॉर्टफर्डची_सून
माझे घर हॅटफील्ड फॉरेस्टपासून जवळ आहे आणि वर्षातल्या प्रत्येक ऋतूत मी तिथे जाते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या बाबांसाठी याहून योग्य जागा इंग्लंडमध्ये क्वचितच सापडेल. हजाराहून थोडे अधिक एकरांचे हे जंगल १२व्या शतकाच्या सुरुवातीपासून राजाच्या शिकारीसाठी राखीव होते आणि त्या काळची व्यवस्था इथे अजून डोळ्यांना दिसते. काही भागांत झाडे जमिनीलगत तोडून फुटवे वाढू दिले जात आणि ते कोवळे फुटवे हरणांनी व गुरांनी खाऊ नयेत म्हणून तो भाग काही वर्षे कुंपणाने बंद ठेवला जाई. बाबांना हे लगेच कळेल, कारण आपल्याकडे सागाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग, तोडल्यावर हेच होते. बाकीच्या मोकळ्या, गवताळ भागांत चराई चालू असल्यामुळे तिथली झाडे माणसाच्या डोक्याच्या वर छाटली जात, म्हणजे गुरांचे तोंड नव्या फांद्यांपर्यंत पोहोचत नसे. रायगड-ठाण्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, टहाळ तोडून तोडून ऐनाचे झाड जसे आखूड, जाड आणि गाठाळ होते, तशी इथली हॉर्नबीमची आणि ओकची झाडे झालेली आहेत. फरक एवढाच की यांतली कित्येक अनेक शतकांची आहेत, आतून पूर्ण पोकळ आहेत आणि तरीही दर वसंतात पालवतात. पुन्हा पुन्हा छाटल्यामुळे शेंड्याचा भार कमी राहतो आणि झाड वादळात कोसळत नाही, म्हणून छाटलेले झाड न छाटलेल्यापेक्षा जास्त जगते, ही गोष्ट मला तिथल्या एका स्वयंसेवकाने एका खोडापाशी उभे राहून समजावली होती.

आता व्यवहाराचे. जंगलात पायी जाणाऱ्याला प्रवेशशुल्क नाही, पैसे गाडी उभी करण्याचे घेतात. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून बिशप्स स्टॉर्टफर्डला रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि तिथून जंगल तीन-चार मैलांवर आहे. टेकली गावाकडे जाणारी बस मिळते, पण मुख्य रस्त्यापासून जंगलातल्या तळ्यापर्यंत बरेच चालावे लागते, त्यामुळे आईंसाठी स्थानकावरून टॅक्सीच करावी आणि परतीची टॅक्सी सकाळीच सांगून ठेवावी. तळ्यापाशी बसायला बाके आहेत, खाण्याची टपरी आहे आणि ओल्या भागावरून नेणारी लाकडी पायवाट आहे.

एका दिवसात दोन्ही ठिकाणे करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस उजेड लवकर जातो, आणि त्या आठवड्यात घड्याळे मागे घेतली गेली असतील तर साडेचारनंतर झाडी अंधारू लागते.

लाल_मार्ग_लाउटन
एवढ्या लांब जाण्याची मुळीच आवश्यकता नाही. इलफर्डहून स्ट्रॅटफर्डला जावे, तिथे ट्यूबची सेंट्रल लाइन धरावी आणि लाउटनला उतरून एपिंग फॉरेस्ट पाहावे. छाटलेली झाडे तिथेही हजारोंनी आहेत, खर्च ट्यूबच्या तिकिटाचाच आहे, आणि एपिंग गावात सोमवारी बाजारही भरतो. आम्ही दर रविवारी जातो.

देवराई_ते_डेव्हन
एपिंग सुंदर आहे याविषयी दुमत नाही, परंतु धागाकर्त्याच्या वडिलांनी जे मागितले आहे ते एपिंगमध्ये अपुरे मिळते, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. लाउटनच्या गावकऱ्यांना ११ नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत फांद्या तोडून जळण नेण्याचा हक्क होता. विदर्भातल्या निस्तार हक्काशी, म्हणजे गावकऱ्यांच्या जंगलातून सरपण-चारा घेण्याच्या हक्काशी, परिचय असलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. जमीनमालकांनी जंगलाला कुंपण घालायला सुरुवात केली तेव्हा टॉमस विलिंगेल आणि त्याच्या घरच्यांनी फांद्या तोडणे थांबवले नाही आणि १८६६ साली त्या घरातली माणसे तुरुंगात गेली. पुढे लंडन शहराच्या महापालिकेने लढा उचलून धरला आणि १८७८ च्या कायद्याने जंगल वाचले, मात्र त्याच कायद्याने फांद्या तोडण्याचा हक्कही संपला. गावकऱ्यांना मिळालेल्या भरपाईतून १८८४ साली लाउटनमध्ये लॉपिंग हॉल उभा राहिला आणि तो आजही उभा आहे. परिणाम असा झाला की एपिंगमधली बहुतेक झाडे त्यानंतर छाटलीच गेली नाहीत. त्यांच्या फांद्या प्रचंड वाढल्या, खाली सावली दाटली आणि गवताळ माळ आक्रसले. हॅटफील्डमध्ये माळ, छाटलेली झाडे, कूप आणि चरणारी गुरे हे सगळे एकत्र पाहायला मिळते.

या दोन्ही जंगलांना जोडणारा एक माणसाचा धागाही आहे. एपिंगच्या लढ्यात पुढे असलेल्या एडवर्ड नॉर्थ बक्सटन यांनीच आयुष्याच्या अगदी शेवटी हॅटफील्ड विकत घेण्याची खटपट केली, आणि १९२४ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आले. बाबांना ही हकिगत आवर्जून सांगा.

लाल_मार्ग_लाउटन
माहिती चांगली आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आईला टॅक्सी, रेल्वे आणि पुन्हा टॅक्सी करायला लावण्यापेक्षा ट्यूब बरी, या मुद्द्याला उत्तर मिळालेले नाही.

आजीव_सभासद
नॅशनल ट्रस्टचे कौटुंबिक सदस्यत्व घ्यावे. आम्ही ते घेतल्यापासून एकाही जागी तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेलो नाही आणि वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर पैसे दुप्पट वसूल झालेले असतात. हॅटफील्डला गाडी फुकट उभी करता येते आणि जवळच्या ऑडली एंडचा महालही त्यात पाहून होतो.

स्टॉर्टफर्डची_सून
कृपया ही दुरुस्ती ध्यानात घ्यावी. ऑडली एंड हे इंग्लिश हेरिटेज या वेगळ्या संस्थेकडे आहे आणि नॅशनल ट्रस्टचे कार्ड तिथे चालत नाही. तिकीटखिडकीवर जाऊन हे कळल्याने हिरमुसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. शिवाय ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना हॅटफील्डमध्ये सदस्यत्वाने वाचवण्यासारखे काही नाही. महाल १७व्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि तिथले जुने स्वयंपाकघर व तबेला आईंना आवडतील, पण पाच तिकिटे घेतली तर तुमच्या १२० पौंडांतला मोठा वाटा तिथेच जाईल.

आजीव_सभासद
मान्य आहे. तरीही सदस्यत्व घ्यावेच, कारण पुढे उपयोगी पडते.

कुंकू_केशर
सॅफ्रन वॉल्डनविषयी कोणीच नीट लिहीत नाही, म्हणून लिहिते. नावावर भाळून आम्ही केशराची शेते पाहायला गेलो होतो आणि तशी शेते तिथे दिसली नाहीत. १६व्या आणि १७व्या शतकांत हे गाव इंग्लंडमधल्या केशराचे मुख्य ठिकाण होते. चुनखडीच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत ते पीक येई आणि रंगासाठी, औषधासाठी व स्वयंपाकासाठी विकले जाई. एका फुलातून तीनच तंतू मिळतात आणि ते हातानेच खुडावे लागतात, तेव्हा स्वस्त आयात सुरू झाल्यावर १८व्या शतकात हे पीक मागे पडले, यात नवल नाही. आज केशर पाहायचे असेल तर सेंट मेरी चर्चमध्ये दगडात कोरलेली त्याची फुले शोधावीत.

ते चर्च मात्र चुकवू नये. त्याचा कळस १९३ फूट उंच असून तो १८३२ मध्ये चढवला गेला. खालची इमारत १५व्या-१६व्या शतकांतली आहे आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलवर काम केलेले पाथरवट तिच्यावरही होते. चर्च स्ट्रीटवर ओल्ड सन इन नावाच्या जुन्या घराच्या बाहेरच्या गिलाव्यावर उठावाची चित्रे काढलेली आहेत, त्यांत १६७६ हे साल आणि दोन आडदांड पुरुष दिसतात. मुलीला कॉमनवर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावर, न्यावे. तिथे हिरवळीत कोरलेला चक्रव्यूह आहे, त्याची वाट सुमारे मैलभर लांब आहे आणि त्याची सर्वांत जुनी नोंद १६९९ ची आहे. त्याला भिंती नाहीत, त्यामुळे आजीला कडेला बसून नातीवर नजर ठेवता येते. बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. हा बाजार १२व्या शतकात न्यूपोर्टहून इथे हलवला गेला, म्हणजे तो तुमच्या जंगलाच्याच वयाचा आहे. रविवारी जाऊ नये.

गमबूट
हॅटफील्डविषयी दोन सूचना करतो, त्या हलक्याने घेऊ नयेत. तिथली जमीन चिकणमातीची आहे आणि पाऊस पडून गेला की वाटांवर घोट्यापर्यंत चिखल होतो. चालणाऱ्यांच्या पायांखाली गवत मरत असल्याने ओल्या दिवसांत काही वाटा बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी ट्रस्टच्या संकेतस्थळावरची सूचना वाचावी. दुसरे म्हणजे तिथे हरणे आहेत, आणि हरणे असतात तिथे गोचिड्या असतात. मला एकदा अशीच एका रानात पोटरीवर गोचीड चिकटली. दवाखान्यात पहिल्यांदा ती गोष्ट किरकोळ ठरवून मला परत पाठवले गेले आणि पुढे लाल वलय उठल्यावर औषध सुरू झाले. पायजमा मोज्यांत खोचावा, गवतात बसू नये आणि घरी आल्यावर मुलीचे कान, मान आणि गुडघ्यांमागची बाजू पाहावी.

मधुर_दगड
चिखल, गोचिड्या आणि बंद वाटा यांविषयी वाचल्यावर माझे मत अधिकच पक्के झाले आहे. कॉट्सवोल्ड्समध्ये फरसबंद रस्ते आहेत.

देवराई_ते_डेव्हन
विमानांचाही उल्लेख व्हायला हवा. स्टॅनस्टेड विमानतळ जंगलाला अगदी लागून आहे आणि विमानांचा आवाज सतत येतो. ज्याला शांतता हवी आहे त्याने हे जाणून जावे. मला मात्र असे वाटते की विमानतळ, महामार्ग आणि नव्या वसाहती यांच्या मधोमध हे जंगल उभे आहे, हेही एका वनाधिकाऱ्याने पाहावे.

इलफर्डकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना हा धागा वाचून दाखवला. टहाळाच्या झाडांचा आणि विलिंगेल कुटुंबाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आईने मात्र एवढेच विचारले की जंगलात दिवसभर तिने काय करायचे.

त्यावर आम्ही असे ठरवले आहे. मंगळवारी सगळे जण लिव्हरपूल स्ट्रीटवरून केंब्रिजकडे जाणाऱ्या एकाच गाडीत बसू. मी आणि बाबा बिशप्स स्टॉर्टफर्डला उतरून जंगलात जाऊ. आई, माझी पत्नी आणि मुलगी त्याच गाडीने पुढे ऑडली एंड स्थानकापर्यंत जातील आणि सॅफ्रन वॉल्डनचा बाजार, चर्च व चक्रव्यूह पाहतील. महाल पाहणार नाही. दुपारचे जेवण घरून दशम्या, चटणी आणि बटाट्याची भाजी असे नेऊ.

लाल_मार्ग_लाउटन
पाहुण्यांना असे वेगळे करू नये. एकत्र फिरण्यातच आनंद असतो.

स्टॉर्टफर्डची_सून
मीही हे सुचवले नसते, पण बेत चालण्यासारखा आहे. दोन गोष्टी पाहून घ्या. तीन ते नऊ जणांना गर्दी नसलेल्या वेळेत मिळणारी गटसवलत सगळ्यांनी एकत्र प्रवास केला तरच लागू होते, म्हणून दोन्ही गटांची तिकिटे आधीच वेगवेगळी काढावी लागतील. आणि ऑडली एंड स्थानक गावात नाही, ते गावापासून सुमारे दोन मैलांवर वेंडन्स अँबो इथे आहे. आईंना तिथून चालवू नका, बस किंवा टॅक्सी ठरवून ठेवा.

इलफर्डकर
गटसवलत सोडून वेगवेगळी तिकिटे काढण्याचा हिशेब करून पाहिला. दोन्हीकडच्या टॅक्सी धरूनही खर्च १२० च्या आत बसतो. बाबा म्हणाले की एकत्र फिरायला उरलेला महिना आहे, पण त्या जंगलात त्यांना कोणाच्याही गुडघ्यांची चिंता न करता अंधार पडेपर्यंत चालायचे आहे. आता कृपया कोणी एवढे सांगावे की पाऊस झाला असेल तर उत्तरेकडून, फ्लिच वेच्या जुन्या रेल्वेवाटेने आत शिरणे बरे पडेल का?

गमबूट
हो. रेल्वेचा जुना मार्ग असल्यामुळे ती वाट जंगलातल्या वाटांपेक्षा बरीच टणक आहे आणि जंगलाच्या उत्तर कडेने जाते. गमबूट तरीही घालावेत.