शहरातील पाऊस आणि पंचगंगेची पातळी

परदेशात बसून कोल्हापूर शहराच्या पावसाचे आकडे पाहिले की पंचगंगेच्या पुराचा अंदाज येतो, बाकी सारा वाहिन्यांचा आरडाओरडा, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. आरडाओरड्याबद्दल दुमत नाही. मात्र पंचगंगेचे पाणी मुख्यतः गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील पट्ट्यातून कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांमार्गे येत असल्याने कोल्हापुरात चक्क ऊन पडलेले असतानाही पातळी चढत राहू शकते. त्यामुळे पाहायची ती कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरील पातळी: ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी.

जुलै २०२१ मध्ये मी जर्मनीत होतो. तेथील आर नदीच्या खोऱ्यात १४ तारखेच्या रात्री काही तासांतच हाहाकार उडाला आणि पुढच्याच आठवड्यात आपल्याकडे महापूर आला. आपली नदी त्या मानाने सावकाश, फूट-इंचांनी चढते, आणि दूर असलेल्याला काही उपयोगाचे सांगता येते ते याच अवधीत. आमचे घर कोल्हापुरातील शाहूपुरीत असून तेथे पाणी शहरातून पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याच्या फुगवट्याने (नदी चढली की नाल्यात मागे तुंबणाऱ्या पाण्याने) मागच्या बाजूने शिरते. म्हणून मी भावाला नदीघाटाऐवजी नाल्यावर नजर ठेवायला सांगितले. आईने तोवर तांदळाचे डबे माळ्यावर चढवून कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला होता. तिला माझ्या आकड्यांची फारशी गरज नव्हती, हेही नमूद करायला हवे.