मदत हवी आहे: पावसाळ्यापूर्वी गाडीच्या रबरी भागांची निगा कशी राखावी?

नमस्कार. आमची पेट्रोल हॅचबॅक अलिबागजवळ वर्षभर उघड्यावर उभी असते. दारांचे रबर बीडिंग कडक होऊन कोपऱ्यांत बारीक भेगा पडल्या आहेत, आणि पुढच्या काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी उन्हाने पांढरट पडून एका टोकाला उचलली गेली आहे. गाडीच्या दिसण्यापेक्षा मला काळजी आहे ती पाण्याची, कारण त्या जाळीखालची निचऱ्याची वाट पानांनी बुजली तर साचलेले पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरू शकते, आणि मग वायरिंगचे कनेक्टर गंजू लागतात.

बीडिंग बहुतेकदा ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असते. खनिज तेलाने किंवा साध्या ग्रीसने ते फुगते, म्हणून त्यावर सिलिकोनचे वंगणच लावावे, हे मला ठाऊक आहे. परंतु कोकणातल्या पावसात ते किती दिवसांनी पुन्हा लावावे लागते? भेगा पडलेले बीडिंग अजून एक पावसाळा काढेल, की आत्ताच बदलणे शहाणपणाचे ठरेल?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाडी धुतल्यावर खालून डिझेल आणि जुन्या ऑइलचा फवारा मारण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही आहे. गंज थांबवण्यासाठी तो उपयोगी असेलही, पण सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि ड्राइव्ह शाफ्टचे बूट (चाके फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरची रबरी आवरणे) त्याने खराब होत नाहीत का? बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते, वाळू आत जाते आणि अख्खा जॉइंट बदलावा लागतो. किनाऱ्यालगत गाडी वापरणाऱ्यांनी रबराला अपाय न करणारा कोणता गंजरोधक लेप वापरला आहे, हे कृपया अनुभवासह सांगावे.